वाफसा नाही, तर रिलीज कसलं?

मी मूळचा मूर्तिजापूरकडचा. इंजिनिअरिंग अमरावतीला केलं, आता कोड लिहून पोट भरतो. मागच्या रिलीजच्या प्लॅनिंगला आमच्यासमोर 43 रिक्वायरमेंट्स होत्या. त्यातल्या 38 'हाय प्रायॉरिटी'. तारीख क्लायंटला आधीच देऊन झालेली. मी विचारलं, "यातलं काय नाही करायचं?" सगळे गप्प. जणू मी शिवी दिली.

माझं म्हणणं सरळ आहे. 43 पैकी 38 गोष्टी महत्त्वाच्या असतील, तर कुणी काहीच ठरवलेलं नाही. ठरवायची जबाबदारी रात्री दोनला जागणाऱ्या पोरांवर ढकलली आहे, एवढंच.

हे एसीतलं रडगाणं वाटत असेल, तर 2017 आठवा. 24 जूनला राज्यात दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली. आकडा 34 हजार कोटींचा, शेतकरी 89 लाख. ऑनलाइन अर्ज, त्यात नवरा-बायको दोघांची माहिती, आधार. मुदत वाढत 22 सप्टेंबरपर्यंत गेली. 18 ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रं वाटली गेली. पण अर्जांतली माहिती आणि बँकांच्या नोंदी यांचा मेळ बसेना. अनेकांच्या हातात कागद होता, खात्यात पैसे नव्हते.

फॉर्म दिसतो, समारंभ दिसतो. नोंदींचा मेळ दिसत नाही, पण बाकी सगळं त्याच्यावरच उभं असतं. तेच काम मागे राहिलं.

आता डिसेंबर 2019 मध्ये जाहीर झालेली महात्मा जोतिराव फुले योजना बघा. मर्यादा दोन लाखांची. अर्जच नाही! आधी बँकांकडून माहिती, मग यादी, मग शेतकऱ्याचं आधार प्रमाणीकरण. 24 फेब्रुवारी 2020 ची पहिली यादी फक्त 68 गावांची. थोडक्यात चालवून पाहिलं, मग काही दिवसांत मोठी यादी. सरकार कोणाचं, हा वाद तुम्ही घाला. मला क्रम पटतो.

तिथेही एक गोष्ट खटकते. नियमित कर्ज फेडणाऱ्यांचं 50 हजारांपर्यंतचं प्रोत्साहन 'नंतर'वर गेलं, आणि वाटप सुरू झालं ऑक्टोबर 2022 मध्ये. तारीख नसलेलं 'नंतर' म्हणजे नकारच. मागे टाकायचं तर टाका, पण ज्याचं मागे टाकता त्याला तोंडावर सांगा.

"डेडलाइन नसेल तर काम होत नाही," असं मॅनेजर म्हणतात. बरोबर आहे. तारीख ठेवा, यादी कापा. दोन्ही घट्ट धरलं की क्वालिटी कापली जाते, आणि ती कोणत्याही स्लाइडवर दिसत नाही.

बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वावरात वाफसा नाही तं तिफन कायले जुपाची?" मृग लागला म्हणून कोणी पेरत नाही, ओल बघून पेरतात. घाई केली की दुबार पेरणी. बियाण्याचा पैसा दोनदा. आम्ही त्याला 'हॉटफिक्स' म्हणतो आणि टाळ्या वाजवतो.

पुढच्या मीटिंगला तुम्हीही विचारा: कशावाचून बाकीचं अडतं? काय वगळायचं? आणि वगळल्याचं त्या माणसाला कोण सांगणार? शांतता पसरेल. पसरू द्या.