पिकायची वाट बघू नका



जमिनीच्या अंकात डोळ्याचं काय काढलंय, असं काहीजण म्हणतील. सांगते.

माझा आजा फासेपारधी. म्हसवडच्या माळावर झुडपातला तितर लांबून हेरणारा माणूस. तो चालताना बाजूच्या खांबाला धडकायला लागला, ताटाशेजारचा तांब्या लवंडायला लागला. समोरचं नीट दिसायचं, म्हणून आम्ही कुणी मनावर घेतलं नाही. एका फुकट शिबिरात नेला. बॅनरवर पुढाऱ्याचं तोंड एवढं मोठं की ते आजालाही दिसलं. आत बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, "मोतीबिंदू हाय, अजून पिकला न्हाय. पिकल्यावर आणा." दोन वर्षं आम्ही पिकायची वाट बघितली. मग मिरजेला नेला. मोतीबिंदू थोडकाच होता. खरा रोग काचबिंदू. एक डोळा गेलेला, दुसऱ्यात नळीतून बघावं तेवढंच उरलेलं.

हे दोन रोग वेगळे आहेत, आणि तेच आपल्याला कुणी सांगत नाही. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, ते बदललं की दिसतं. काचबिंदूत बहुतेक वेळा डोळ्यातलं पाणी तुंबून दाब वाढतो आणि मागची नस मरते. मेलेली नस परत येत नाही. दुखत नाही, खुपत नाही, कडेची नजर आधी जाते. काहींचा मात्र एकदम उठतो : डोळा लाल, डोकं फुटल्यासारखं, ओकारी, दिव्याभोवती रंगीत कडी. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. देवऋषी नंतर.

सरकारचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून आहे. मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, चांगलं झालं, माझ्या मावशीला त्यानंच दिसतं. पण ऑपरेशनचा आकडा मोजता येतो, फोटो निघतो. काचबिंदूत फोटो काढण्यासारखं काही नाही. वाचलेली नजर कुणाला दिसत नाही. म्हणून दाब मोजायचं यंत्र शिबिरात येत नाही. मोजायला काही मिनिटं लागतात हो!

आता जमिनीचं. वनहक्क नियमांतला १३ वा नियम वाचा. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा धरतात. १३ डिसेंबर २००५ च्या आधी कोण कुठं कसत होतं, हे कागदावर नसलं तरी म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत आहे. चुलत्याच्या दाव्याची पाहणी झाली तेव्हा आजाला बांधाचा दगड न् दगड तोंडपाठ होता, पण बोट भलतीकडं गेलं. साहेब हसला. त्या हसण्याचा राग मला अजून आहे, आणि आमच्या दोन वर्षांचाही.

हा रोग रक्ताच्या नात्यात उतरतो, म्हणून बापाला तपासून आणलं. दाब वाढलेला निघाला. आता रोज थेंब घालतो, कायमचे. गेलेलं येत नाही, आहे ते टिकतं. बाटली संपली की पुढची घ्यायला मजुरी मोडावी लागते. थेंब तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळाले पाहिजेत, ही मागणी आपल्या निवेदनात घाला. आणि लाल डोळ्याला मेडिकलातून मनानं थेंब आणू नका. त्यातल्या स्टेरॉइडनंही दाब वाढतो.

पुढच्या बैठकीला प्रत्येक वस्तीनं चाळिशीपुढच्यांची यादी आणावी. ज्यांच्या घरात कुणाची नजर गेलीय त्यांची नावं वर. शिबिरवाले आले की आधी विचारा, दाब मोजणार का, मागची नस बघणार का? नाही म्हणाले तर मांडव घालायला आपली पोरं देऊ नका.