घोडा कोणाचा, वाट कोणाची?

माथेरानमधील माणसांनी ओढावयाच्या हातरिक्षा सहा महिन्यांच्या आत बंद कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी दिला. त्याचे सर्वत्र स्वागत झाले आणि ते योग्यच होते. माणसाने माणसाला ओढून न्यावे ही प्रथा स्वातंत्र्यानंतर ७८ वर्षे टिकून राहावी, ही गोष्ट भूषणावह खचितच नव्हती. या निर्णयाचा आणखी एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. न्यायालयाने केवळ बंदी घालून हात झटकले नाहीत. गुजरातमधील केवडियाच्या धर्तीवर ई-रिक्षा भाड्याने देण्याची योजना आखावी, त्या खऱ्याखुऱ्या रिक्षाचालकांच्या हाती पडाव्यात आणि पैसा नसल्याची सबब पुढे करू नये, असेही शासनाला बजावले. एखादा धंदा बंद करावयाचा तर त्यावर ज्याचे पोट आहे त्याची सोय आधी पाहावयाची, हे तत्त्व त्यामागे आहे.

परंतु त्याच डोंगरावर, त्याच तांबड्या मातीच्या वाटेवर आणखी एक वाहक पिढ्यानपिढ्या राबत आला आहे. तो म्हणजे घोडा. १८५० मध्ये ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर मॅलेट यांनी माथेरान प्रकाशात आणले, १९०७ मध्ये नेरळहून छोटी रेल्वे वर चढली, फेब्रुवारी २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. मोटारीला दस्तुरी नाक्यापाशीच थांबावे लागत असल्याने घोड्याचे महत्त्व टिकून राहिले. प्रवासी वाहतुकीचा परवाना असलेल्या घोड्यांची संख्या साडेचारशेच्या घरात सांगितली जाते. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला तेव्हा घोडेवाल्यांनी त्यास विरोध केला. उलटपक्षी, पर्यटकांची दिशाभूल व फसवणूक होते या तक्रारीवरून मार्च २०२५ मध्ये तेथील नागरिकांनीच बंद पाळला. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र या साऱ्या वादात मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. ज्या वाटेवर घोडा चालतो त्या वाटेवर घोडेवाल्याचा हक्क कोणता?

या प्रश्नाला आता एक नवे अंग फुटले आहे. घोड्यावर बसून तासाभराची रपेट करणे ही जुनी हौस झाली. वाटाड्या, स्वयंपाकी, तंबू आणि ओझ्याची जनावरे बरोबर घेऊन चार-सहा दिवस डोंगरदऱ्यांत भटकावयाचे आणि रोज नव्या ठिकाणी मुक्काम टाकावयाचा, अशा सहली अमेरिकेत व मध्य आशियात रुळल्या आहेत. हिमालयातही पदभ्रमंतीच्या तंबूंचे व शिध्याचे ओझे खेचरांच्याच पाठीवर असते. सह्याद्रीत किंवा सातपुड्यात हे का होऊ नये, असे कोणी विचारल्यास त्यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच की, त्या सहलीत घोडेवाला मालक असेल की मजूर.

वाशिमला या चर्चेशी काय कर्तव्य?

वाशिम जिल्ह्यात थंड हवेचे ठिकाण नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेचे शेवटचे फाटे, पैनगंगेचे खोरे, काटेपूर्णेचे अभयारण्य आणि कारंजा-सोहोळचे काळविटांचे माळ एवढीच येथील वन्य संपदा. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. अशा जिल्ह्यांना शेतीबाहेरचा रोजगार हवा असतो, आणि उद्योग येत नाही तेथे पर्यटन आणावे असे सुचविले जाते. म्हणून या विषयाचा विचार येथील शिक्षकाने, कारकुनाने व विद्यार्थ्याने दुरून करून भागणार नाही.

दुसरे कारण इतिहासाचे आहे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. ज्या समाजाने शेकडो वर्षे लदणीच्या बैलांचे तांडे घेऊन डोंगरघाट ओलांडले, मुक्कामामागून मुक्काम करीत धान्य व मीठ देशभर पोहोचविले, त्याचे वंशज या जिल्ह्याच्या तांड्यातांड्यांत राहतात. रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत, म्हणजे सुमारे ५०० मैल जात असे. वाट कोठे आहे, पाणी कोठे मिळेल, कोणत्या माळावर जनावरे चरतील हे ज्ञान हेच त्या वाहकाचे भांडवल होते.

१८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि हे भांडवल हळूहळू निकामी झाले. वाहतूक स्वस्त झाली, व्यापार वाढला, देशाचा एकंदर फायदा झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या फायद्यातील कवडीही ज्याचा धंदा बुडाला त्याच्या पदरात पडली नाही. उलट १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि तो पुसला जाण्यास १९५२ साल उजाडावे लागले. कालचा वाहतूकदार आजचा शेतमजूर झाला. समाजाच्या प्रगतीची किंमत एकाच गटाने भरावी, याचे इतके ठसठशीत उदाहरण अर्थशास्त्राच्या पुस्तकातही सहसा सापडणार नाही.

केदारनाथचा रज्जुमार्ग

तोच प्रसंग आज हिमालयात घडत आहे. सोनप्रयाग ते केदारनाथ या १२.९ किलोमीटरच्या रज्जुमार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२५ मध्ये मान्यता दिली. खर्च ४,०८१ कोटी रुपये. आठ-नऊ तासांचा प्रवास ३६ मिनिटांवर येईल आणि दिवसाला १८ हजार यात्रेकरूंची सोय होईल, असा अंदाज आहे. वृद्ध व अपंग यात्रेकरूंना त्याचा लाभ निश्चितच होईल. मुक्या जनावरांचे हालही कमी होतील. २०२२ च्या यात्राहंगामात पहिल्या काही आठवड्यांतच शंभरावर घोडे-खेचरे मृत्युमुखी पडली, आणि मे २०२५ मध्ये साथीच्या रोगाच्या भयाने त्यांची वाहतूक काही काळ थांबवावी लागली. ही परिस्थिती चालू ठेवा, असे कोणीही सुज्ञ म्हणणार नाही.

पण ज्यांच्या घरचा वर्षाचा संसार त्या खेचरावर चालतो, त्यांचा हिशोब या ४,०८१ कोटींत कोठे बसतो? जनावरांचे हाल थांबवावयाचे म्हणजे मालकाचे हाल सुरू करावयाचे, असे समीकरण असण्याचे कारण नाही. घोडेवाल्याला यात्रेच्या गर्दीतून काढून कमी गर्दीच्या, अधिक मोबदल्याच्या कामाकडे वळविता आले तर दोन्ही हेतू साधतात. अनेक दिवसांच्या मार्गदर्शित सहलींचे महत्त्व नेमके येथे आहे. दिवसाला अनेक फेऱ्या मारून जनावर झिजविण्यापेक्षा चार दिवसांच्या एकाच सहलीत तेवढी कमाई होणे घोड्याच्या व मालकाच्या, दोघांच्याही हिताचे आहे.

तथापि या वाटेवरही अडथळे आहेत. ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने तेथील उंचावरील कुरणांवर, म्हणजे बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम करण्यास मनाई केली आणि पर्यटकांची संख्या दोनशेपर्यंत मर्यादित केली. कुरणे तुडविली जात होती, कचरा साचत होता. निर्णयामागील काळजी रास्तच होती. परंतु कचरा करणारा शहरी पर्यटक दुसरीकडे गेला, आणि रोजगार गमावून बसला तो तेथील वाटाड्या व खेचरवाला. पहलगामजवळच्या बैसरन पठारावर २२ एप्रिल २०२५ रोजी झालेल्या भीषण हल्ल्यात २६ जणांचे प्राण गेले. त्यात पर्यटकांबरोबर एक स्थानिक घोडेवालाही होता. त्यानंतर काश्मीरमधील ४८ पर्यटनस्थळे बंद करण्यात आली. पर्यटक न येणे हे पर्यटकाच्या दृष्टीने रद्द झालेले आरक्षण असते. घोडेवाल्याच्या दृष्टीने तो बुडालेला हंगाम असतो, आणि त्या हंगामात घोडा उपाशी राहू शकत नाही.

घोड्याचा ताळेबंद

या धंद्याचे सारे मर्म या शेवटच्या वाक्यात आहे. घोडा चार-सहा महिने कमावतो आणि बारा महिने खातो. ३०० किलो वजनाच्या तट्टाला रोज ६-७ किलो कोरडी वैरण लागते. म्हणजे वर्षाला सुमारे २५ क्विंटल. नाल, खोगीर, औषधपाणी, थंडीपावसात निवारा हा खर्च वेगळा. वाशिमच्या शेतकऱ्याला वैरणीचे हे गणित समजावून सांगण्याची गरज नाही. सोयाबीनने ज्वारीला शेताबाहेर काढले तेव्हा कडबाही गेला. सोयाबीनच्या कुटारावर जनावर पोसावयाचे म्हणजे काय, हे येथील प्रत्येक गोठा जाणतो.

देशातील घोडे व तट्टे यांची संख्या २०१२ च्या पशुगणनेत सव्वासहा लाख होती, ती २०१९ मध्ये ३ लाख ४० हजारांवर आली. सात वर्षांत ४५ टक्क्यांहून अधिक घट. गाढवांची घट तर ६१ टक्के आहे. जनावर परवडेनासे झाले की ते नाहीसे होते. त्यासाठी निराळा कायदा लागत नाही. दख्खनच्या पठारावर ज्याच्या पाठीवर धनगरांचा संसार आजवर चालत आला, त्या भीमथडी घोड्यास स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर अलीकडेच मान्यता मिळाली. मान्यता मिळाली ही समाधानाची बाब. पण कागदावरची नोंद म्हणजे वैरण नव्हे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. फलटण, बारामती, इंदापूरकडील धनगर दिवाळीनंतर मेंढरे घेऊन घाट उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांचा वाडा रोज किंवा एकाआड एक दिवस हलतो. घोड्यावर बिऱ्हाड लादणे, पुढच्या माळावर जाऊन ते उतरविणे, चूल मांडणे ही कामे प्रामुख्याने स्त्रिया करतात. शहरी माणसाने पैसे मोजून घ्यावयाचा जो अनुभव, तो या स्त्रिया वर्षातील सात-आठ महिने विनामोबदला जगत असतात. डोंगरातील घोडदौडीची सहल काढावयाची तर तिचे खरे जाणकार हेच लोक आहेत. मात्र धंदा उभा राहू लागला की भांडवल, जाहिरात व आगाऊ आरक्षण ही साधने ज्याच्या हाती, तो मालक होतो. जाणकार रोजंदारीवर राहतो.

दोन रीती

अमेरिकेत १९६४ च्या कायद्याने राखीव वन्य प्रदेशांत मोटारीला मज्जाव केला, तेव्हा घोड्यावरील सहलींना आपोआप संरक्षण मिळाले. तेथे सहली काढणाऱ्यास वनखात्याचा परवाना घ्यावा लागतो व उत्पन्नाच्या सुमारे ३ टक्के शुल्क भरावे लागते. तुकडीत माणसे व जनावरे किती असावीत यावर मर्यादा असते, आणि अनेक ठिकाणी तणाचे बी नसलेलीच वैरण नेता येते. या पद्धतीने जंगलाचे रक्षण होते. पण परवाना हा मूलतः भांडवलदार व्यावसायिकाचा असतो.

किरगिझस्तानने दुसरी रीत धरली. सोव्हिएत व्यवस्था कोसळल्यावर उघड्यावर पडलेल्या मेंढपाळांनी २००० सालापासून, स्विस साहाय्याने, गावोगावी पर्यटनाचे गट उभारले. घोडा मेंढपाळाचा, तंबू त्याच्या कुटुंबाचा, दर गटाने ठरविलेले. पर्यटक गटाच्या कचेरीत येतो आणि काम सभासदांत वाटले जाते. सहकाराच्या मार्गाने साखर व दूध यांचा व्यवहार उभा करणाऱ्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही.

तेव्हा डोंगरातील अश्वपर्यटनास उत्तेजन द्यावयाचे झाल्यास काही अटी आधी घालावयास हव्यात. परवाना घोडा स्वतः पाळणाऱ्यास किंवा अशांच्या सहकारी संस्थेस मिळावा; आरक्षण करणाऱ्या कंपनीस नव्हे. दर जाहीर असावेत, म्हणजे पर्यटकाचीही फसवणूक होणार नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केला आहे. मुक्कामाच्या जागा ठरविताना त्याचा आधार घ्यावा. घोड्याचा व मालकाचा विमा परवान्यालाच जोडलेला असावा. आणि जनावरांसंबंधीचे नियम नव्याने करण्याचीही गरज नाही. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेतच: तट्टावर ७० किलोंहून अधिक भार नको, दिवसाला ९ तासांहून अधिक काम नको, पारा ३७ अंशांवर जातो तेथे दुपारी १२ ते ३ पूर्ण विश्रांती. ते पाळले गेले तरी पुष्कळ झाले.

या अटी अवघड आहेत, पर्यटन त्याने महाग होईल, असा आक्षेप येईल. तो काही अंशी खरा आहे. परंतु स्वस्त पर्यटनाची उरलेली किंमत कोणी तरी भरतच असतो. केदारनाथच्या वाटेवर ती खेचराने भरली, बुग्यालांवर गवताने भरली, आणि दीडशे वर्षांपूर्वी वऱ्हाडात ती तांड्याने भरली. पोहरादेवीच्या यात्रेला दरवर्षी जमणाऱ्या लाखोंच्या समुदायात त्या जुन्या वाहकांचीच नातवंडे-पणतवंडे असतात. त्यांपैकी कोणी उद्या डोंगरातील वाटाड्या झाला, तर त्याच्या हाती दुसऱ्याच्या घोड्याचा लगाम असू नये. तो घोडा त्याचा स्वतःचा असावा.