वारुळाचा खरा धडा

ज्या वाळवीला माणूस घराचा शत्रू मानतो, तिलाच एका वास्तुविशारदाने गुरू केले. झिम्बाब्वेची राजधानी हरारे येथे १९९६ साली उभे राहिलेले 'ईस्टगेट सेंटर' हे व्यापारी संकुल त्याची साक्ष देते. मिक पिअर्स यांनी वारुळांपासून स्फूर्ती घेऊन रूढ वातानुकूलन यंत्रणेविना ते उभारले. रात्रीची थंड हवा पंख्यांच्या साह्याने आत खेळवली जाते; काँक्रीटचे जाड थर तो गारवा साठवतात आणि दिवसा परत देतात. तापलेली हवा छतावरील धुराड्यांवाटे निघून जाते.

मात्र या कथेचा उत्तरार्ध क्वचितच सांगितला जातो. स्कॉट टर्नर आणि रूपर्ट सोअर या संशोधकांनी २००८ साली मांडले, की वारुळाविषयीची ती समजूतच अपुरी होती. वारूळ हे शीतयंत्र नव्हे. ते फुफ्फुसासारखे वाऱ्याच्या बळावर श्वास घेते. आतील तापमान मुख्यतः भोवतालच्या मातीमुळे स्थिर राहते. तरीही ईस्टगेट यशस्वी ठरले, कारण हरारे पठारावर वसले आहे आणि तेथील रात्री थंड असतात. यश नकलेचे नव्हते, स्थानिक हवामान ओळखण्याचे होते.

महाराष्ट्राने घ्यावयाचा धडा हाच आहे. मुंबईच्या दमट हवेत दिवस-रात्रीच्या तापमानात फारसा फरक पडत नाही; तेथे सावली आणि आरपार वाहणारा वाराच उपयोगी. दख्खनच्या पठारावर मात्र जाड भिंती आणि रात्रीचा गारवा यांची सांगड घालता येते. चौकाच्या वाड्यांनी ती पिढ्यानपिढ्या घातली होती. आज मात्र मुंबई असो वा नागपूर, सर्वत्र तोच काचेचा मनोरा उभा राहतो आणि उन्हाचा ताप उतरवण्यासाठी वीज जाळली जाते. याला आधुनिकता म्हणावे काय?

देशात ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ साली आली. २०२२ च्या कायदादुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतींनाही अशा संहितेच्या कक्षेत आणण्याची वाट मोकळी केली. परंतु कागदावरील संहिता भिंतीला सावली देत नाही. राज्य शासनाने व महापालिकांनी बांधकाम परवानगी देतानाच तिची कसोटी लावली पाहिजे. वाळवीसुद्धा आपल्या भूमीला आणि वाऱ्याला ओळखून घर बांधते. माणसाकडून तेवढी अपेक्षा करणे अवाजवी ठरू नये.