हशा तुमचा, संसार कुणाचा?

बेंगळुरूतल्या मराठी नाट्यरसिकहो,

पुण्या-मुंबईहून विनोदी नाटक येणार म्हटलं की आपण तिकिटं आधीच काढून ठेवतो. दुसऱ्या अंकात एक पात्र कंबर लचकवत येतं, मनगट सैल सोडून 'इश्श' करतं, नायक घाबरून दोन पावलं मागे सरतो आणि हशा उसळतो. त्या पात्राला घर नसतं, नोकरी नसते, बहुधा आडनावही नसतं.

तिसऱ्या रांगेत आईवडिलांच्या मध्ये बसलेला मुलगाही तेव्हा हसतो. त्यालाही पुरुषच आवडतात; ते कुणाला कळू नये म्हणून त्याला हसावंच लागतं. पुढे त्याचा बायोडाटा वधू-वर मेळाव्याच्या पुस्तिकेत छापून येतो.

अशा लग्नाची झळ त्या एकट्याला बसत नाही. याच शहरात वाढलेल्या महेश दत्तानींचं 'ब्रेव्हली फॉट द क्वीन' 1991 साली रंगभूमीवर आलं. ते घडतंही बेंगळुरूतच. अलकाचं लग्न तिचा भाऊच आपल्या मित्राशी लावून देतो. तो मित्र भावाचा प्रियकर आहे, हे तिला कुणी सांगत नाही. दत्तानींच्याच 1998 च्या 'ऑन अ मगी नाइट इन मुंबई'त कमलेशला सोडून गेलेला प्रकाश दुसरं नाव घेऊन त्याच्याच बहिणीशी लग्न ठरवतो. मराठीत अमोल पालेकरांचा 'थांग' हा चित्रपट 2006 चा. तिथेही नवऱ्याचं गुपित बायकोच्या संसारावर कोसळतं. भीती पुरुषाची, भरपाई बाईची.

"आपल्या संस्कृतीत हे नव्हतं," असं ऐकवणारे भेटतातच. अहो, बालगंधर्वांच्या शालूची नक्कल आपल्या पणज्यांनी केली! पुरुषाने लुगडं नेसलेलं चालतं, तमाशात नाच्या झालेला चालतो. शर्ट-पँट घालून, डबा घेऊन ऑफिसला जाणारा पुरुष दुसऱ्या पुरुषावर जीव टाकतो म्हटलं, की मात्र संस्कृती आठवते.

6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सांगितलं. 17 ऑक्टोबर 2023 ला लग्नाचा हक्क मात्र नाकारला. कायदा निदान अर्ध्या वाटेवर पोचलाय. आपली विनोदी नाटकं अजून रंगपटातच बसलीत.

आणि मराठीला हे जमत नाही असंही नाही. रोहन कानवडेंच्या 'साबर बोंडं' या चित्रपटाला 2025 मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. वडिलांच्या सुतकात गावी आलेला आनंद, लग्नासाठी मागे लागलेले नातेवाईक, लहानपणीचा मित्र बाळ्या, आणि सगळं ठाऊक असलेली आई. कुणीही लचकत नाही.

मंडळांनो, या गणेशोत्सवात 'साबर बोंडं' दाखवा. नाटकच हवं असेल तर चेतन दातारांचं 'एक माधवबाग' बसवा: समलिंगी मुलाच्या आईचं एकपात्री, नेपथ्याचाही फार खर्च नाही. आणि वधू-वर मेळाव्याच्या आयोजकांनी फॉर्म घेण्याआधी मुलाशी, मुलीशी आईवडिलांना बाहेर बसवून पाच मिनिटं बोलावं. नको म्हणाले, तर कारण न विचारता फॉर्म परत द्यावा.

— काही मराठी प्रेक्षक, बेंगळुरू