संपादकीय : बेपत्ता, पण कोणाच्या लेखी?



जानेवारी २०१९ च्या शेवटच्या आठवड्यात दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. २४ तारखेला नेटफ्लिक्सवर टेड बंडीच्या ध्वनिमुद्रित मुलाखतींवरची चार भागांची मालिका आली. बरोबर ३० वर्षांपूर्वी, त्याच तारखेला, फ्लॉरिडात त्याला देहदंड झाला होता. मालिका बघून ट्विटरवर बंडीच्या देखणेपणाची इतकी चर्चा रंगली, की अखेर खुद्द नेटफ्लिक्सलाच 'जरा आवरा' असं सांगावं लागलं. त्यानंतर पाचच दिवसांनी, २९ तारखेला, टोरांटोच्या कोर्टात ब्रूस मॅकआर्थर नावाच्या ६७ वर्षांच्या, बागकामाची कंत्राटं घेणाऱ्या माणसाने आठ खुनांची कबुली दिली. बंडी आपल्याकडच्या कॉलेजातल्या मुलांनाही ठाऊक आहे. मॅकआर्थरच्या आठ बळींपैकी एकाचं तरी नाव आपल्याला सांगता येईल का?

म्हणून आधी नावं. स्कंदराज नवरत्नम्, अब्दुलबसीर फैझी, मजीद कायहान, सोरुश महमुदी, कृष्णकुमार कनगरत्नम्, डीन लिसोविक, सलीम एसेन, अँड्र्यू किन्समन. आठपैकी सहा जण श्रीलंका, अफगाणिस्तान, इराण, तुर्कस्तान अशा देशांतून आलेले. बहुतेकांचं टोरांटोच्या चर्च-वेलस्ली भागात, म्हणजे तिथल्या समलिंगी वस्तीत, येणं-जाणं होतं. यातल्या काहींची दोन आयुष्यं होती, एक घरचं आणि एक या वस्तीतलं, आणि दोन्हींची गाठ पडू नये याची काळजी ते घेत.

नवरत्नम् २०१० च्या सप्टेंबरात नाहीसे झाले, फैझी त्याच डिसेंबरात, कायहान २०१२ मध्ये. तिघांचाही रंग-रूप-वय-वावर एकमेकांशी जुळणारं. पोलिसांनी 'प्रोजेक्ट ह्यूस्टन' नावाची खास मोहीम काढली. २०१३ मध्ये तिच्यात मॅकआर्थरला साक्षीदार म्हणून बोलावलं, जबाब घेतला आणि जाऊ दिलं. २०१४ च्या एप्रिलमध्ये मोहीम गुंडाळली. २०१६ च्या जूनमध्ये एका माणसाने स्वतः पोलिसांना फोन करून सांगितलं, की याने व्हॅनमध्ये माझा गळा आवळला. मॅकआर्थरला अटक झाली, त्याचं म्हणणं पोलिसांना पटलं, गुन्हा नोंदला गेला नाही. त्यानंतर त्याने आणखी दोघांना मारलं.

या सगळ्यावर माजी न्यायमूर्ती ग्लोरिया एपस्टाइन यांचा हजाराहून अधिक पानांचा चौकशी अहवाल २०२१ च्या एप्रिलमध्ये आला. 'मिसिंग अँड मिस्ड' हे त्याचं नाव. बेपत्ता माणसांच्या तपासातल्या चुका आणि त्यामागचा व्यवस्थेत मुरलेला भेदभाव, दोन्ही त्यात सविस्तर मांडले आहेत. चौकशी झाली तीही आपोआप नाही. 'अलायन्स फॉर साउथ एशियन एड्स प्रिव्हेन्शन' या दक्षिण आशियाई लोकांच्या छोट्या संस्थेने आणि तिच्या हरन विजयनाथन यांनी त्यासाठी आवाज उठवला होता.

गुन्हा उघडकीला आला तो किन्समनमुळे. २०१७ च्या जूनमध्ये ते गेले आणि त्यांच्या मित्रांनी वस्तीतले खांब पत्रकांनी भरून टाकले. त्यांच्या घरच्या कॅलेंडरवर त्या दिवसापुढे 'ब्रूस' एवढंच लिहिलेलं होतं, आणि जवळच्या एका कॅमेऱ्यात लाल डॉज कॅरॅव्हॅन दिसली. तिथून धागा सापडला. किन्समन गोरे होते म्हणून पोलिस हलले, असं वस्तीतले अनेकजण म्हणतात. ते अगदीच चूक नसावं, पण एवढ्यावर थांबणं सोयीचं आहे, खास करून आपल्याला. किन्समन गोरे होते, तसेच ते माणसांनी वेढलेलेही होते. इमारतीची देखभाल बघायचे, एड्सग्रस्तांसाठीच्या संस्थेत स्वयंसेवक होते. ते दिसले नाहीत तर विचारणारी माणसं होती.

आता कृष्णकुमार कनगरत्नम् यांचं बघा. २०१० च्या ऑगस्टमध्ये 'सन सी' नावाच्या जहाजातून ४९२ तमिळ निर्वासित कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याला लागले, त्यातले ते एक. आश्रयाचा अर्ज नामंजूर झाला. परत पाठवतील या भीतीने ते आडोशाला राहू लागले. ते नाहीसे झाल्याची तक्रार कोणीच केली नाही, कारण ते लपून राहात असणार असंच सगळ्यांनी धरलं. मार्च २०१८ मध्ये पोलिसांनी एका मृत माणसाचं छायाचित्र प्रसिद्ध करून 'यांना कोणी ओळखतं का?' असं विचारलं, तेव्हा कुठे शोध सुरू झाला. त्यांचा चेहरा जगापुढे प्रथम आला तो असा, मेल्यानंतर. लिसोविकही बेपत्तांच्या यादीत कधीच नव्हते. ते बेघरांच्या निवाऱ्यांत राहायचे.

माहितीपटांचं घोडं इथेच पेंड खातं, असं मला वाटतं. निर्माते खुन्याच्या प्रेमात असतात असं नव्हे. कॅमेरा जिथे साहित्य असेल तिथे जातो. खुन्याच्या कबुलीजबाबाच्या फिती असतात, कोर्टाचं चित्रण असतं, मानसतज्ज्ञ असतात, जुने शेजारी 'अहो, किती सालस माणूस' म्हणायला तयार असतात. आणि जो जन्मभर लपून जगला, त्याचा घरच्यांकडे असतो एखादा लग्नातला फोटो. तो चार सेकंद दिसतो, मागे व्हायोलिन वाजतं, पुढचा फोटो. ज्यांच्याकडे पोलिसांनी बघितलं नाही त्यांच्याकडे मग कॅमेराही बघत नाही, कारण पोलिसांनी न बघितल्यामुळे कागदच तयार झालेला नसतो.

वेगळं करता येतं. जस्टिन लिंग या पत्रकाराने सीबीसीसाठी २०१९ मध्ये केलेली ध्वनिमालिका त्याच वस्तीतल्या १९७० च्या दशकातल्या न सुटलेल्या खुनांपर्यंत मागे गेली. मॅकआर्थर तिथे निमित्तापुरता उरतो, आणि प्रश्न उभा राहतो तो या वस्तीतली माणसं इतक्या सहज का नाहीशी होऊ शकली हा. असं काम वेळखाऊ असतं, त्यात 'राक्षसाचं मन' वगैरे उलगडत नाही. विकलं कमी जातं.

हे फक्त पाश्चात्त्यांचंच दुखणं, अशी समजूत करून घेऊ नका. रमण राघव मुंबईकरांना सांगायला नको. १९६८ मध्ये तो पकडला गेला, रमाकांत कुलकर्णींच्या तपासाचं कौतुक झालं, आणि ते रास्तच होतं. त्याच्यावर श्रीराम राघवनने १९९१ मध्ये चित्रपट केला, २०१६ मध्ये अनुराग कश्यपने तेच नाव उसनं घेऊन दुसरा. आणि मेले ते कोण? उपनगरांत फुटपाथवर, झोपड्यांत झोपलेली माणसं, गावाकडून पोटासाठी आलेली. त्यांची नावं तुम्हा-आम्हाला कोणी शिकवली नाहीत आणि आपणही विचारली नाहीत. रात्री गस्त घालणाऱ्या मध्यमवर्गाच्या भीतीच्या आठवणी मात्र भरपूर ऐकायला मिळतात.

परदेशातल्या आपल्या मंडळांचं काय? गणपतीला चारशे पानं उठतात. त्यात ज्याचा व्हिसा संपला आहे, ज्याची नोकरी गेली आणि जो लाजेपोटी यायचा थांबला, असा कोणी कधी असतो का? एखादा मुलगा 'तसला' आहे असं कानावर आलं की आपण त्याच्याविषयी बोलणं टाळतो, आणि त्यालाच सभ्यपणा म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून वगळलं, त्या दिवशी आपल्यापैकी अनेकांनी आनंद केला. पण तो मुलगा पुढच्या संक्रांतीला दिसला नाही, तर फोन कोण करणार? सभासद यादीत वर्गणी थकलेल्यांपुढे खूण असते, न दिसणाऱ्यांपुढे नसते.

एक व्यवहाराची माहिती देऊन थांबतो, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार आहेत. कॅनडात माणूस बेपत्ता असल्याची तक्रार द्यायला नातेवाईक असावं लागत नाही. मित्र, घरमालक, एकत्र राहणारा, दुकानातला सहकारी, कोणीही देऊ शकतो. २४ तास थांबायचा नियम सिनेमातला आहे. पोलिस स्वतःच सांगतात, वाट बघू नका. जाताना शेवटचं कधी बोलणं झालं ती तारीख, अलीकडचा फोटो आणि फोन नंबर न्यावा, आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. क्रमांक मिळाल्याशिवाय तिथून हलू नये.