विश्लेषण : महाबळेश्वर-पाचगणीत खरोखर ‘बर्फ’ पडतो का? स्ट्रॉबेरीच्या शेतात पहाटे काय घडते?

कडाक्याची थंडी पडली की ‘महाबळेश्वर गोठले’, ‘वेण्णा तलावावर बर्फाची चादर’, ‘मिनी काश्मीर’ अशा मथळ्यांसह छायाचित्रे मोबाइलवर फिरू लागतात. पर्यटक पहाटे उठून गाड्यांच्या टपावरचे पांढरे थर हाताने खरवडतात, तलावाच्या जेटीवर सेल्फी घेतात. त्याच वेळी दोन-तीन किलोमीटरवर लिंगमळा किंवा मेटगुताडच्या मळ्यात शेतकरी विजेरी घेऊन स्ट्रॉबेरीची फुले तपासत असतो. ही थंडी नेहमीपेक्षा लवकर, म्हणजे पहिला बहर फुलावर असतानाच आली, तर नुकसान दुप्पट जाणवते. ते मोजायचे कसे, हा प्रश्न मात्र दरवर्षी अनुत्तरित राहतो.

हा बर्फ की दहिवर?

हिमवृष्टी म्हणजे ढगात तयार झालेले हिमकण आकाशातून खाली पडणे. सह्याद्रीत तसे होत नाही. महाबळेश्वर-पाचगणीत जे दिसते ते गोठलेले दव, म्हणजेच दहिवर. ते वरून पडत नाही, तर गवताच्या पात्यावर, गाडीच्या पत्र्यावर, जेटीच्या फळीवर जागच्या जागी तयार होते. ढगाळ रात्री ते होत नाही. त्याला स्वच्छ आकाश, थांबलेला वारा आणि कोरडी हवा अशा तिन्ही गोष्टी लागतात. तलावाचे पाणीही गोठत नाही. ‘तलाव गोठला’ असे छापून येते तेव्हा गोठलेली असते ती काठावरची जेटी आणि गवत.

वेधशाळा आठ-नऊ अंश सांगत असताना दव गोठते कसे?

दरवर्षी समाजमाध्यमांवर यावरून वाद रंगतो. ‘तापमान नऊ अंश, मग बर्फ कुठून आला?’ अशी खिल्ली उडवली जाते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत असतो. तो हवेचे तापमान मोजतो आणि जगभर हीच पद्धत आहे. पण निरभ्र रात्री जमीन, गवत, पत्रा आपली उष्णता थेट आकाशाकडे फेकत राहतात आणि आसपासच्या हवेपेक्षा थंड होतात. वारा नसेल तर वरची उबदार हवा खाली मिसळत नाही. अशा रात्री गवताच्या टोकाचे तापमान पेटीतल्या तापमानापेक्षा तीन ते पाच अंशांनी, कधी त्याहूनही कमी असते. गाडीच्या टपाला जमिनीची ऊबही मिळत नाही, म्हणून तिथे थर सर्वांत आधी दिसतो.

दुसरे कारण भूगोलात आहे. थंड हवा जड असते. ती रात्रभर उतारावरून पाण्यासारखी वाहत खोलगट जागी साचते. वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याचा परिसर अशाच खोलगटीत आहे. १८४२ मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींनी बांधून घेतलेला हा तलाव तिथे आहे, कारण पाणी तिथे साचते. थंड हवेलाही तोच नियम लागू पडतो. वरच्या पठारावर आठ अंश, खोलगटीत चार-पाच आणि तिथल्याच गवतावर शून्याखाली, ही साखळी अशी जुळते. महाबळेश्वरचे जानेवारीतले सरासरी किमान तापमान १३-१४ अंशांच्या आसपास असते, यावरून अशा रात्रीचे वेगळेपण लक्षात यावे.

पाचगणीकडे चित्र थोडे वेगळे आहे. भिलार, खिंगर, राजपुरी, भोसे, गोडवली या गावांत उतारावरचे मळे सहसा वाचतात. ओहोळाकाठचे आणि बांधांनी चहूबाजूंनी बंदिस्त झालेले तुकडे सापडतात. एकाच शेतकऱ्याच्या दोन वावरांत एक पांढरे आणि एक हिरवे, असेही होते.

स्ट्रॉबेरीला तर थंडी हवी असते ना?

हवी असते. लहान दिवस आणि गार रात्री मिळाल्या की स्ट्रॉबेरीचे रोप फुलोऱ्यावर येते, फळात गोडी उतरते. देशातल्या स्ट्रॉबेरीचा फार मोठा हिस्सा या एका तालुक्याच्या टापूतून येतो आणि महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते या थंडीच्या जोरावरच. चार-पाच अंशांची रात्र पिकाला त्रास देत नाही. फार तर फळ पिकायला वेळ लागतो, तोडा लांबतो.

धोका असतो तो शून्याच्या खाली. तोही सगळ्या रोपाला सारखा नसतो. जमिनीलगतचा गड्डा आणि पाने बरीच थंडी सोसतात. घट्ट मिटलेली कळीही तग धरते. पण उमललेले फूल उणे एक अंशाच्या आसपास मरते. बाहेरून पाकळ्या पांढऱ्याशुभ्र दिसतात, पण मधला पिवळा भाग एक-दोन दिवसांत काळा पडतो. ज्यातून फळ व्हायचे तो भाग हाच. त्या फुलाला फळ धरत नाही, किंवा धरले तर वेडेवाकडे होते आणि बाजारात बाजूला काढले जाते.

लवकर आलेली थंडी जास्त महागात का पडते?

याचे उत्तर पिकाच्या वेळापत्रकात आहे. परदेशातून, मुख्यतः कॅलिफोर्नियातून आणलेल्या मातृरोपांपासून उन्हाळ्यात वाईसारख्या खालच्या भागात रोपे तयार केली जातात. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात ती वरच्या गादीवाफ्यांवर लागतात. पहिली फळे नोव्हेंबरअखेर-डिसेंबरात येतात आणि हंगाम एप्रिल-मेपर्यंत चालतो. सर्वांत चांगला दर पहिल्या तोड्यांना मिळतो, कारण माल कमी आणि नाताळ-नववर्षाची गर्दी मोठी. परतीचा पाऊस लांबला तर लागवडही लांबते आणि थंडी येते तेव्हा रोप कोवळे असते.

फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत साधारण महिना-सव्वा महिना लागतो. म्हणजे डिसेंबरच्या मध्यावर एका रात्री मेलेल्या फुलांचा तोटा जानेवारीच्या उत्तरार्धात तोड्यात दिसतो. तोपर्यंत पर्यटक परतलेले असतात आणि ‘मिनी काश्मीर’ची बातमी जुनी झालेली असते.

खऱ्याखुऱ्या काश्मीरनेही हे अनुभवले आहे. ३ नोव्हेंबर २०१८ आणि ७ नोव्हेंबर २०१९ या दोन्ही वेळा तिथे अवेळी जोरदार बर्फ पडला. हिवाळ्यातला बर्फ सफरचंदाच्या निष्पर्ण झाडांना नवा नाही. पण नोव्हेंबरच्या सुरुवातीला झाडांवर पाने होती, काही बागांत फळेही होती. पानांवर ओला बर्फ साठला आणि त्या भाराने फांद्या, कुठे अख्खी झाडे फाटली. नुकसान बर्फाच्या जाडीपेक्षा त्याच्या तारखेने ठरले.

हिमालयातल्या हिमवृष्टीचा आपल्याशी संबंधही आहे. पश्चिमी विक्षोभ पुढे सरकला की उत्तरेकडून कोरडे, थंड वारे मोकळे होतात. ते आधी खान्देश आणि नाशिकला गाठतात, मग दक्षिणेकडे पसरतात. डिसेंबर २०१८ च्या शेवटच्या आठवड्यात निफाडला पारा १.८ अंशांपर्यंत उतरला होता. द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या होत्या आणि त्याच लाटेत वेण्णा तलावाकाठी दवही गोठले होते.

शेतकरी काय उपाय करतात आणि त्यातले काय चालते?

सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करणे. धूर पांघरुणासारखा काम करतो, हा समज जुना आहे. प्रत्यक्षात धुराचे कण जमिनीची उष्णता फारशी अडवत नाहीत. उपयोग होतो तो आगीच्या ऊबेचा, तोही हवा हलकीशी ढवळली गेली तर. म्हणून एका मोठ्या जाळापेक्षा शेतभर लहान-लहान शेकोट्या बऱ्या. मोठा जाळ ऊब थेट वर घेऊन जातो.

त्यापेक्षा भरवशाचे म्हणजे पाणी. आदल्या दिवशी रान ओले केले तर ओली माती दिवसाची उष्णता जास्त साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. कोरड्या, भुसभुशीत मातीत हे होत नाही. वाफ्यांमध्ये गवत अंथरले असेल तर ते मातीची ऊब खालीच कोंडून ठेवते, म्हणजे दहिवराच्या रात्री ते उलटे पडते.

तुषार सिंचन हा जगभर वापरला जाणारा उपाय आहे आणि ऐकायला विचित्र वाटतो. फुलांना वाचवायचे तर त्यांच्यावरच बर्फ जमू द्यायचा! एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर सोडते. फवारा अखंड चालू असेपर्यंत फूल शून्य अंशावर टिकते आणि मरते ते उणे एकला. हा एका अंशाचा फरक पीक वाचवतो. पण अट कडक आहे. तुषार दव गोठण्याआधी सुरू करायचे आणि ऊन येऊन बर्फ वितळेपर्यंत थांबवायचे नाहीत. मध्येच बंद पडले तर ओल्या फुलावरून बाष्पीभवन होऊन ते आणखी थंड होते, म्हणजे काहीच न केलेले बरे अशी गत होते.

आणि इथे वीज आडवी येते. शेतीपंपांना तीन-फेज वीज चक्राकार पद्धतीने, कधी दिवसा तर कधी रात्री मिळते. दहिवराची वेळ पहाटे तीन ते सात. त्या आठवड्यात पाळी दिवसाची असेल तर तुषार संच असूनही उपयोग शून्य. राज्य सरकारचा भर सौर कृषी वाहिनी आणि सौर पंपांतून दिवसा वीज देण्यावर आहे. रात्री साप-विंचवाच्या भीतीत पाणी धरणाऱ्या शेतकऱ्यांची ती जुनी मागणी होती आणि ती रास्तच आहे. पण दहिवराच्या पट्ट्यात वर्षातल्या मोजक्या रात्री तरी पहाटेची वीज हवी, ही गरज त्या योजनेच्या चौकटीत कुठेच बसत नाही. मोजक्या फीडरना थंडीच्या इशाऱ्यानंतर दोन-तीन रात्री वीज देणे ही अशक्य मागणी नव्हे.

उरतो तो क्रॉप कव्हरचा पर्याय. पातळ न विणलेले पांढरे कापड संध्याकाळी वाफ्यांवर ओढायचे आणि सकाळी काढायचे. काढणे महत्त्वाचे, कारण मधमाश्या फुलांपर्यंत पोहोचल्या नाहीत तर परागीभवन अपुरे राहते आणि फळ पुन्हा वेडेवाकडेच येते. दोन-चार गुंठ्यांना हे जमते. एकरभर क्षेत्रावर रोज मजूर लावून करायचे तर खर्चाचा विचार करावा लागतो.

नुकसानभरपाई मिळते का?

कागदावर वाट आहे. दंव आणि शीतलहर राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत देण्याच्या आपत्तींच्या यादीत आहेत. पण मदतीसाठी पिकाचे किमान ३३ टक्के नुकसान पंचनाम्यात दिसावे लागते. केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषांनुसार बागायती पिकाला हेक्टरी १७ हजार रुपये, तेही दोन हेक्टरच्या मर्यादेत. स्ट्रॉबेरीची रोपे, मल्चिंग, ठिबक, मजुरी असा खर्च एकरी लाखांत जातो, तेव्हा ही रक्कम रोपांच्या हिशेबातही पुरत नाही. शिवाय तलाठी आणि कृषी सहायक शेतात येतात तेव्हा रोपे हिरवीगार उभी असतात. मेलेले असते ते फूल, आणि त्याचे फळ महिन्याने यायचे असते. न आलेल्या फळाचा पंचनामा कसा करणार?

दुसरी वाट हवामान आधारित फळपीक विम्याची. राज्यात आंबिया बहारातल्या पिकांच्या यादीत स्ट्रॉबेरीचा प्रायोगिक तत्त्वावर समावेश झाला आहे. या योजनेत पंचनामा नसतो. महसूल मंडळातल्या संदर्भ हवामान केंद्राच्या नोंदी ठरलेल्या उंबरठ्यापलीकडे गेल्या तर भरपाई मिळते, नाही तर नाही. २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पात राज्यभर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली आहेत. पण मंडळातले केंद्र उंचावर आणि मळा खोलगटीत असेल तर केंद्राची नोंद सहा अंश आणि फुलाचे तापमान उणे एक, हे सहज घडू शकते. पंचनाम्याला नुकसान दिसत नाही आणि यंत्राला थंडी दिसत नाही, अशा दोन्ही बाजूंनी शेतकरी कोंडीत सापडतो.

यावरचा मार्ग फार खर्चिक नाही. वेण्णा, लिंगमळा, मेटगुताड आणि पाचगणीकडच्या सखल मळ्यांत पिकाच्या उंचीवर किमान तापमापक बसवून त्यांच्या नोंदी कृषी विभागाने ठेवल्या, तर दोन-तीन हंगामांत कोणत्या खोलगटीत किती रात्री पारा शून्याखाली जातो, याचा नकाशा तयार होईल. विम्याचा उंबरठा मग त्या नोंदींवर ठरवता येईल. आज दहिवराचा सर्वांत मोठा पुरावा कोणता, तर पर्यटकांनी मोबाइलवर टिपलेली छायाचित्रे. आणि ती विमा कंपनी ग्राह्य धरत नाही.

आज रात्री दहिवर पडेल का, हे कसे ओळखावे?

संध्याकाळी आकाश निरभ्र असेल, सूर्यास्तानंतर वारा पडला असेल, दिवसभर हवा कोरडी असेल आणि रात्री दहापर्यंतच अंगात हुडहुडी भरत असेल, तर पहाट धोक्याची समजावी. एक साधा तापमापक मळ्यातल्या सर्वांत सखल वाफ्यात, रोपाच्या उंचीला, उघड्यावर ठेवावा. तो दोन अंशांवर आला की हालचाल सुरू करायला हवी, कारण तिथून शून्यावर यायला फार वेळ लागत नाही.