श्वासाला संवादाची जोड



कापसाचा भाव पडला, कर्ज थकलं की आपल्या चाळीसगाव परिसरात माणूस रात्र-रात्र जागतो, ताटावरून अर्धपोटी उठतो. पण मनाच्या डॉक्टरकडे जायला बिचकतो. ध्यानाला मात्र कुणी नावं ठेवत नाही. आपल्याच रेल्वेमार्गावरच्या इगतपुरीत, धम्मगिरी या केंद्रात, १९७६ पासून विपश्यना ध्यानाची शिबिरं भरतात. म्हणूनच या अंकाचा विषय आहे ध्यान आणि मानसोपचार यांची जोडी.

ध्यानात माणूस श्वास आणि संवेदना तटस्थपणे पाहायला शिकतो. समुपदेशनात अस्वस्थतेमागचे विचार बोलून दाखवतो. नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या आठ आठवड्यांच्या माइंडफुलनेस-आधारित उपचारात या दोन्ही वाटा एकत्र येतात. मात्र गंभीर मानसिक आजारात विपश्यनेसारखं दीर्घ मौन-शिबिर त्रासाचं ठरू शकतं. तिथे आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि गोळ्या परस्पर बंद करू नयेत, हे आम्ही ठामपणे सांगतो.

या अंकात साधक आणि समुपदेशक दोघंही मोकळेपणाने बोलले आहेत. तुमचे अनुभव, शंका आणि मतभेदही आम्हाला जरूर कळवा. मन फारच खचलं असेल, तर पत्राआधी १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर फोन करा. ही सेवा मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.